स्टॉक जुळवला तरी पुन्हा बिघडतो: गोदामातली तफावत मुळापासून कशी शोधायची

सिस्टीम म्हणते बिनमध्ये, म्हणजे रॅकवरच्या एका ठरलेल्या जागेत, ४० नग आहेत. पिकर, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढणारा, तिथे पोहोचतो तर निघतात २८. सुपरवायझर मोजतो, अ‍ॅडजस्टमेंट टाकतो, आकडा जुळतो, ऑर्डर पुढे सरकते. काही आठवड्यांनी तोच एसकेयू (मालाचा तोच ठरावीक प्रकार), बऱ्याचदा तोच बिन, आणि पुन्हा तीच रड. डब्ल्यूएमएस, म्हणजे गोदामाचं कामकाज चालवणारं सॉफ्टवेअर, जिथे जिथे वापरतात तिथे ही तक्रार हमखास ऐकू येते. आणि तिचं ठरलेलं उत्तरही ऐकू येतं: "मुलं नीट स्कॅन करत नाहीत."

हे उत्तर मला पटत नाही. माणसाच्या हातून होणाऱ्या चुका विखुरलेल्या असतात. आज या रॅकवर, उद्या त्या मालात, कधी कमी, कधी जास्त. जी तफावत वारंवार त्याच एसकेयूवर, त्याच रांगेत किंवा त्याच वेळेला येते, तिच्यामागे बहुतेक वेळा एखादी सेटिंग असते, चुकीच्या जागी चिकटवलेलं लेबल असतं किंवा मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ माहितीच्या नोंदीत, चुकलेला आकडा असतो. तो सापडत नाही तोवर पिकर बदलून, ओरडून, दर महिन्याला पूर्ण स्टॉक मोजून काहीही होणार नाही. खाली जे लिहिलंय ते कोणत्याही एका सॉफ्टवेअरपुरतं नाही. मेनूची नावं वेगळी असतील, पण माल हलतो तो सगळीकडे सारखाच.

अ‍ॅडजस्टमेंट शेवटी, आधी बिन रोखा

तफावत दिसली की लगेच अ‍ॅडजस्टमेंट टाकायची सवय सगळ्यात आधी मोडायला हवी. कारण फरकाचा आकडा हाच तुमच्या हातातला मुख्य पुरावा असतो. तो किती आहे, कोणत्या दिशेला आहे, कधीपासून आहे, यावरून कारण ओळखता येतं. अ‍ॅडजस्टमेंट टाकली की शिल्लक जुळते, पण धागा तुटतो. पुढच्या वेळी शोधायला बसाल तेव्हा खरे व्यवहार आणि हातानं केलेल्या दुरुस्त्या एकमेकांत इतक्या मिसळलेल्या असतात की काही उमगत नाही.

म्हणून एकच एसकेयू निवडा, शक्यतो ज्याची तफावत सगळ्यात जास्त वेळा निघाली आहे तो. तो ज्या ज्या बिनमध्ये आहे ते बिन होल्डवर टाका, म्हणजे तिथून पिकिंगही होणार नाही आणि तिथे पुटअवेही, म्हणजे आलेला माल ठेवणंही, होणार नाही. त्या बिनवर एखादं पिक टास्क अर्धवट उघडं असेल तर ते पूर्ण होऊ द्या किंवा रद्द करा; उघड्या टास्कवर केलेली मोजणी हमखास चुकते. मग दोन वेगवेगळ्या माणसांकडून मोजून घ्या, सिस्टीममधला आकडा त्यांना न दाखवता. समोर ४० लिहिलेलं दिसलं की ३९ मोजणाऱ्यालाही आपलंच एक चुकलं असं वाटतं, हा मनाचा स्वभाव आहे.

आता त्या एसकेयूचा व्यवहार-इतिहास काढा. आवक, पुटअवे, बिन बदल, पिक, शॉर्ट (हवा तेवढा माल न सापडल्याची नोंद), रिटर्न, अ‍ॅडजस्टमेंट, सगळं वेळेनुसार एका शीटमध्ये उतरवा आणि शेजारी चालू शिल्लक मांडा. शेवटची मोजणी कधी जुळली होती ती ओळ शोधा. बिघाड त्या ओळीच्या खालीच कुठेतरी आहे. एवढं केलं की शोधायचा पट्टा वर्षभरावरून काही दिवसांवर येतो.

फरकाचा आकडा काय सांगतो

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे फरक कशाच्या पटीत आहे.

समजा एका पेटीत १२ नग येतात. सिस्टीममध्ये १९६, प्रत्यक्षात २४०. फरक ४४. हा आकडा १२ च्या पटीत नाही म्हणून बरेच जण पेटीचा विचार सोडून देतात. पण ४४ म्हणजे ११ गुणिले ४. चार पेट्या आवक करताना पेटी म्हणून नाही, एक एक नग म्हणून नोंदल्या गेल्या. प्रत्येक वेळी १२ आले आणि १ मोजला गेला, म्हणून प्रत्येक पेटीमागे ११ कमी. पेटीतले नग वजा एक, या संख्येच्या पटीत फरक आला की संशय सरळ मोजमापाच्या एककावर घ्या.

हे घडतं कसं? पेटी पुठ्ठ्याची असेल तर बाहेरचा बारकोड पेटीचाच असतो. पण पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला बारा बाटल्यांचा गठ्ठा असेल तर स्कॅनर प्लॅस्टिकच्या आरपार जाऊन आतल्या एका बाटलीचा बारकोड वाचतो. बीप वाजतो, पडद्यावर मालाचं नाव बरोबर येतं, कामगार पुढे जातो. त्याची काही चूक नाही. त्याला जो बारकोड समोर दिसला तो त्यानं वाचला. उपाय दोन. गठ्ठ्यावर पेटीचं लेबल असायलाच हवं, आणि आतले बारकोड झाकले जातील अशी गुंडाळणी पुरवठादाराकडून मागायला हवी. ते होईपर्यंत त्या एसकेयूसाठी आवक पडद्यावर एकक निवडणं सक्तीचं करा: नग, पेटी की पॅलेट. आपोआप "नग" धरणारी सेटिंग बंद करा.

दुसरं कारण मास्टरमध्ये असतं. पेटीचा १४ अंकी जीटीआयएन, म्हणजे बारकोडमधला मालाचा ओळख क्रमांक, बऱ्याचदा नगाच्या क्रमांकावरूनच बनवतात: पुढे १ ते ८ पैकी एक अंक, मग नगाच्या क्रमांकातले चेक डिजिट (चूक पकडण्यासाठीचा शेवटचा अंक) सोडून बाकीचे अंक, आणि शेवटी नव्यानं काढलेला चेक डिजिट. सिस्टीममध्ये डेटा भरताना कोणी पुढचा अंक आणि चेक डिजिट दोन्ही कापून फक्त मधले अंक साठवले असतील, तर पेटी आणि नग यांच्यात सिस्टीमला फरकच उरत नाही. बारकोड पूर्ण अंकांसह साठवलेत की नाही, आणि प्रत्येक बारकोडसमोर त्याचं एकक वेगळं लिहिलंय की नाही, हे एकदा नजरेखालून घाला.

तिसरी शक्यता पुरवठादारानं पॅकिंग बदलल्याची. पूर्वी पेटीत १२ होते, आता १० येतात, मास्टरमध्ये १२ तसेच. अशा वेळी फरक दोनच्या पटीत येतो आणि दर आवकेबरोबर वाढत जातो. प्रत्यक्षात माल कमी, सिस्टीममध्ये जास्त. इथे फक्त १२ चे १० करून भागत नाही, कारण रॅकवर जुन्या बारा नगांच्या पेट्याही शिल्लक असतात. मास्टर बदलला की त्या क्षणी जुन्या पेट्यांचा हिशेब उलट दिशेनं बिघडतो. शक्य असेल तर नव्या पॅकिंगला वेगळा बारकोड आणि वेगळी पॅक-नोंद द्या. नाहीतर जुन्या पेट्या संपेपर्यंत त्या फोडून नगांमध्ये ठेवा.

दोन शेजारी बिन, एक अधिक एक उणे

फरक एका बिनमध्ये +३० आणि शेजारच्यात −३० असेल तर मालाची एकूण बेरीज बरोबर आहे. माल गेलेला नाही, फक्त चुकीच्या घरात बसलाय. हिशेबाच्या माणसाला हे दिसत नाही कारण त्याची बेरीज जुळते. त्रास होतो तो पिकरला.

अशा वेळी कागद बाजूला ठेवून रॅकसमोर जाऊन उभं राहा. पॅलेट रॅकमध्ये लेबल आडव्या बीमवर चिकटवतात आणि बहुतेक ठिकाणी ते बीमच्या वरच्या कप्प्याचं असतं. जमिनीवरच्या कप्प्याला मात्र खाली बीमच नसते, म्हणून त्याचं लेबलही पहिल्याच बीमवर येतं. एका बीमवर दोन लेबलं, एक वरच्या कप्प्याचं, एक खालच्याचं. बाण नसेल तर नवा माणूस काय, जुनाही चुकतो. जमिनीचा कप्पा आणि पहिला मजला यांच्यातच जर अशा जोड्या सापडत असतील तर कारण शोधायची गरज उरत नाही. लेबलवर ठळक बाण आणि प्रत्येक मजल्याला वेगळा रंग, एवढ्यानं यातला बराचसा गोंधळ मिटतो.

लोकेशन स्कॅन सक्तीचं असूनही माल शेजारी जातोय? मग हे बघा: रांगेच्या तोंडाशी किंवा ट्रॉलीवर लोकेशन बारकोडची एखादी छापील यादी लावलेली आहे का? वरच्या मजल्याचं लेबल हँडहेल्डला, म्हणजे हातातल्या स्कॅनर-यंत्राला, वाचता येत नाही म्हणून लोक अशी यादी बनवतात आणि सगळे बिन एकाच जागी उभं राहून स्कॅन करतात. यादी फाडून टाकली तर दुसऱ्या दिवशी नवी येईल, कारण मूळ अडचण तशीच आहे. वरच्या मजल्यांसाठी लांबून वाचणारे स्कॅनर द्या, किंवा वरच्या सगळ्या मजल्यांची लेबलं रंगांनी वेगळी करून उभ्या खांबावर नजरेच्या उंचीला लावा. लोकेशनला चेक अंक ठेवायची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते: लेबलवर दोन-तीन अंक असतात जे बिनच्या पत्त्यावरून ओळखता येत नाहीत आणि माल ठेवताना ते सांगावे किंवा टाइप करावे लागतात. आवाजावर चालणाऱ्या पिकिंगमध्ये तर हीच मुख्य पडताळणी. फक्त काही काळानं हे अंक बदलत राहा, कारण रोजच्या वाटेवरचे अंक लोकांना पाठ होतात.

याच प्रकारातला दुसरा नमुना म्हणजे एका एसकेयूवर +२ आणि दिसायला सारख्याच दुसऱ्यावर −२. आकार किंवा रंग वेगळा, खोका तोच. पिकर एक नग स्कॅन करतो आणि संख्या ६ टाइप करतो. हातात मात्र चार या रंगाचे आणि दोन त्या रंगाचे असतात. जिथे असे जुळे एसकेयू आहेत तिथे प्रत्येक नग स्कॅन करायची सक्ती लावा आणि ते शेजारी शेजारी ठेवू नका. सगळ्या गोदामाला ही सक्ती लावू नका मात्र. वेग पडेल आणि लोक पळवाट शोधतील.

एकूण बरोबर, बॅच चूक

औषधं, खाद्यपदार्थ, रसायनं अशा मालात एसकेयूची बेरीज जुळते, पण बॅचनिहाय नाही, आणि आधी मुदत संपणारा माल आधी काढायचा हा नियम कोलमडतो. आधी बॅचची यादी उघडा आणि नावांची लांबी बघा.

जीएस१-१२८ बारकोडमध्ये अनेक माहिती एकापुढे एक लिहिलेली असते आणि प्रत्येकीआधी तिची ओळख सांगणारा अंक असतो: ०१ म्हणजे जीटीआयएन, १७ म्हणजे मुदत, १० म्हणजे बॅच, २१ म्हणजे सिरियल नंबर. मुदतीची लांबी ठरलेली, सहा अंक. बॅचची लांबी मात्र ठरलेली नसते, जास्तीत जास्त २० अक्षरं. म्हणून बॅचनंतर आणखी काही माहिती असेल तर मध्ये एक विभाजक लागतो. स्कॅनर तो आस्की २९ या न दिसणाऱ्या अक्षराच्या रूपात पाठवतो. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये किंवा मधल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये हे अक्षर गाळलं गेलं की बॅच कुठे संपली हे सॉफ्टवेअरला कळत नाही. बॅच "ए७२", मुदत ३१ ऑगस्ट २०२६, तर नोंद होते "ए७२१७२६०८३१" नावाच्या बॅचची, आणि मुदतीचा रकाना रिकामा. यादीत अशी लांबलचक नावं दिसली, आणि त्यांच्या पोटात १७ नंतर सहा अंक सापडले, की काम झालं.

गंमत अशी की हे सगळ्या हँडहेल्डवर होत नाही. फॅक्टरी रीसेट झालेला एखादाच असतो. व्यवहारात डिव्हाइस क्रमांक नोंदवला जात असेल तर तो लगेच सापडतो. नोंदवला जात नसेल तर ती नोंद आजपासून सुरू करा, पुढे शंभर ठिकाणी उपयोगी पडेल. लेबल तुम्ही स्वतः छापत असाल तर ठरलेल्या लांबीची माहिती आधी आणि बॅच शेवटी लिहा, म्हणजे विभाजकाची गरजच पडत नाही. आणि एक बारीक गोष्ट: मुदतीत दिवसाच्या जागी ०० असेल तर त्याचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस. ज्या सॉफ्टवेअरला हे माहीत नसतं ते तारीख नाकारतं, कामगार ती हातानं भरतो, आणि हातानं भरलेल्या तारखा तीन जणांच्या तीन निघतात.

एकच व्यवहार दोनदा

इतिहासात एकाच माणसाच्या, एकाच बिनच्या, एकाच संख्येच्या दोन ओळी काही सेकंदांच्या अंतरानं दिसल्या तर माणसाला बोलवण्याआधी त्या जागी वायफाय तपासा. कामगार ओके दाबतो, पडदा फिरत राहतो, तो पुन्हा दाबतो. पहिली विनंती सर्व्हरवर पोहोचलेली असते, फक्त उत्तर परत आलेलं नसतं. दुसरीही नोंदली जाते.

वायफायची तपासणी बऱ्याचदा गोदाम रिकामं असताना झालेली असते. नंतर लोखंडी रॅक मालानं भरतात, त्यात पाण्याचे किंवा तेलाचे कॅन येतात, आणि सिग्नल रांगेच्या मध्यावर पोहोचेनासा होतो. द्रव पदार्थ रेडिओ लहरी शोषतात, लोखंड त्या परतवतं. म्हणून भरलेल्या गोदामात, पिकरच्या वाटेनं, हँडहेल्ड हातात घेऊन फिरा. दुहेरी नोंदी कोणत्या रांगांत आहेत आणि सिग्नल कुठे पडतो, ही दोन चित्रं शेजारी ठेवली की बोलायची गरज उरत नाही.

वायफाय कितीही सुधारलं तरी खरा इलाज सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रत्येक व्यवहाराला हँडहेल्डनंच एक वेगळा ओळख क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरनं नवी नोंद न करता पहिलंच उत्तर परत पाठवावं. पुरवठादार कंपनीला हे नेमक्या शब्दांत विचारा: "नेटवर्क तुटल्यावर तीच विनंती पुन्हा आली तर तुमची सिस्टीम काय करते?" "असं सहसा होत नाही" हे उत्तर स्वीकारू नका. ऑफलाइन चालणाऱ्या हँडहेल्डसाठी हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा, कारण तिथे तासाभराचे व्यवहार एकदम सिंक होतात आणि मध्येच तुटलं तर सगळी चळत पुन्हा पाठवली जाते.

पॅलेटला १८ अंकी एसएससीसी लेबल, म्हणजे त्या एकाच पॅलेटचा स्वतंत्र क्रमांक, असेल तर आवकेतल्या दुहेरी नोंदी आपोआप रोखता येतात, कारण तोच क्रमांक दुसऱ्यांदा आवक झाला की सिस्टीमनं नकार द्यायचा असतो. तो नकार चालू आहे ना, एवढं मात्र स्वतः तपासा. काही ठिकाणी घाईत तो "इशारा" इतकाच ठेवलेला असतो आणि इशाऱ्यावर सगळे ओके दाबतात.

शॉर्ट पिक: एक तफावत दहा कशी होते

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची, कारण इथे सिस्टीम स्वतःच बिघाड वाढवते.

पिकरला बिनमध्ये माल सापडला नाही. तो "शॉर्ट" दाबतो. आता पुढे काय होतं हे सेटिंगवर आहे. एका पद्धतीत सिस्टीम ती ओळ सोडून देते, बिनमधला आकडा तसाच राहतो. दहा मिनिटांनी दुसऱ्या ऑर्डरसाठी तीच सिस्टीम दुसऱ्या पिकरला त्याच रिकाम्या बिनकडे पाठवते. तोही शॉर्ट. संध्याकाळपर्यंत एका चुकीच्या आकड्यानं कित्येक ऑर्डर अडकतात, आणि पिकर इतके वैतागतात की शेजारच्या बिनमधून माल काढून या बिनच्या नावावर स्कॅन करतात. आता दोन बिन बिघडले.

दुसऱ्या पद्धतीत शॉर्ट दाबताच सिस्टीम बिन शून्य करते. हे ऐकायला बरं वाटतं, पण माल शेजारच्या पॅलेटच्या मागे असेल तर तो आता सिस्टीमसाठी अस्तित्वातच नाही. पुन्हा कोणी पिकर तिथे जाणार नाही, म्हणून तो सापडणारही नाही. वार्षिक मोजणीत "वाढ" म्हणून निघेल, तोवर तोच माल पुन्हा खरेदी झालेला असेल.

बरोबर मांडणी अशी: शॉर्ट दाबल्यावर तो बिन ताबडतोब होल्डवर जावा, राहिलेली संख्या दुसऱ्या बिनमधून आपोआप राखली जावी, आणि त्या बिनची मोजणी करायचं टास्क त्याच पाळीत, पिकर सोडून दुसऱ्या कोणाला तरी मिळावं. मोजणी झाल्यावरच आकडा बदलावा. बहुतेक डब्ल्यूएमएसमध्ये ही सोय असते, फक्त सुरू केलेली नसते. शॉर्टसाठी कारण निवडायला लावा, पण यादी छोटी ठेवा: बिन रिकामा, माल कमी, माल खराब, दुसराच माल, पोहोचता येत नाही. "इतर" हा पर्याय यादीत सगळ्यात वर असेल तर तुम्हाला फक्त "इतर"च मिळेल.

शॉर्टचा आणखी एक उगम रीप्लेनिशमेंटमध्ये, म्हणजे वरच्या रॅकवरून खाली माल भरण्यात, असतो. माल वरच्या रॅकवर आहे, खालच्या पिक-फेसला (पिकर जिथून माल काढतो ती जागा) अजून उतरलेला नाही, पण टास्क "पूर्ण" झालंय कारण फोर्कलिफ्टवाल्यानं पॅलेट उचलतानाच दोन्ही स्कॅन उरकले. माल रांगेच्या टोकाला उभा असतो. ही तफावत तासाभरात आपोआप मिटते, त्यामुळे मोजणीत कधीच सापडत नाही. शॉर्टच्या वेळा आणि रीप्लेनिशमेंटच्या वेळा शेजारी ठेवल्या तरच दिसते. उचलण्याचा आणि ठेवण्याचा स्कॅन यांच्यातलं अंतर अवघ्या एक-दोन सेकंदांचं असेल तर ओळखा.

बिनमध्ये नाही, गाडीतही नाही

कधी कधी हरवलेला माल सिस्टीममध्येच असतो, फक्त तुम्ही बघत नसलेल्या जागी. प्रत्येक डब्ल्यूएमएसमध्ये रॅक सोडून इतर लोकेशन असतात: आवक डॉक, तपासणी, पॅकिंग टेबल, डिस्पॅच स्टेजिंग (गाडीत चढण्याआधी माल ठेवायची जागा), फोर्कलिफ्टचं स्वतःचं लोकेशन, काही ठिकाणी प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाचं लोकेशन. पिकर पाळी संपताना लॉगआउट करतो, त्याच्या नावावर सहा नग राहतात. रद्द झालेल्या ऑर्डरचा माल पॅकिंगवरून परत रॅकवर जातो, पण सिस्टीममध्ये तो पॅकिंगवरच.

या सगळ्या तात्पुरत्या लोकेशनचा रिपोर्ट काढा आणि त्यात एका दिवसापेक्षा जुनं जे काही असेल ते एक एक करून प्रत्यक्ष शोधा. पहिल्यांदा यादी लांबलचक निघेल. नंतर हा रिपोर्ट रोज पाळी बदलताना बघितला तर तो रिकामा राहतो.

परतावे आणि मोडतोड यांचंही तसंच. परत आलेला माल तपासणीआधीच "चांगलाच तर आहे" म्हणून रॅकवर चढतो. फुटलेला कचऱ्यात जातो आणि नोंद राहते. दोन्हीसाठी रंगानं वेगळी, दोरी लावलेली जागा आणि तिचं स्वतःचं लोकेशन हवं. नोंद करायला तीनपेक्षा जास्त पडदे उघडावे लागत असतील तर ती होणार नाही.

डब्ल्यूएमएस आणि ईआरपी यांचं भांडण

गोदामात सगळं जुळतंय, पण हिशेबाच्या सिस्टीममध्ये, म्हणजे ईआरपीमध्ये, वेगळाच आकडा? आधी दोन्ही आकडे एकाच क्षणाचे आहेत का ते बघा. डब्ल्यूएमएस बिनमधून माल पिक होताच कमी करतो, ईआरपी बहुधा डिस्पॅच झाल्यावर. दुपारी तुलना केली तर स्टेजिंगवर उभा असलेला सगळा माल तफावत म्हणून दिसेल आणि रात्री नाहीसा होईल. ही तफावत नाहीच.

खरी अडचण तेव्हा, जेव्हा एक सिस्टीम दुसरीला हालचाली न पाठवता थेट शिल्लक पाठवते. ईआरपीनं रात्री आठची शिल्लक काढली, फाइल दहाला पोहोचली आणि तिनं डब्ल्यूएमएसचा आकडा पुसून आपला लिहिला. आठ ते दहाच्या दरम्यान जे पिक झालं ते गेलं. ओळखायची खूण स्पष्ट आहे: फरक नेमका त्या दोन तासांतल्या व्यवहारांच्या बेरजेइतका असतो. असा सिंक बंद करा. संख्येची मालकी एकाच सिस्टीमकडे असावी, गोदामात ती डब्ल्यूएमएसकडेच असलेली बरी, आणि दुसरीकडे फक्त हालचाली जाव्यात. शिल्लक पाठवायची तर ती तुलनेसाठी, लिहिण्यासाठी नाही. आणि ईआरपीत थेट स्टॉक अ‍ॅडजस्ट करायची परवानगी कोणाकोणाला आहे, ती यादी काढा. यादी जितकी लांब, तितका हा त्रास जास्त.

अडकलेल्या संदेशांची रांग रोज कोणीतरी उघडून बघितली पाहिजे, नाव ठरवून. "एरर आला तर आयटीला कळेल" असं गृहीत धरलं की आठवडाभर जुने संदेश रांगेत पडून राहतात.

मोजणी अशी करा की कारण हाती लागेल

वर्षातून एकदा सगळं गोदाम बंद ठेवून मोजण्यापेक्षा रोज थोडे बिन मोजणारी सायकल काउंट पद्धत शोधासाठी कितीतरी उपयोगी, कारण मोजणी आणि चूक यांच्यात दिवसांचंच अंतर असतं. जलद फिरणारा माल जास्त वेळा, संथ माल कमी वेळा. यात एक फुकटची मोजणीही आहे: पिकनंतर सिस्टीमच्या मते बिन रिकामा झाला की पिकरला विचारायचं, "बिन रिकामा आहे का?" हो किंवा नाही. रिकामा बिन बघायला मोजावं लागत नाही.

अचूकता मोजताना एकूण बेरजेवर जाऊ नका. एका बिनला +३० आणि दुसऱ्याला −३० असेल तर बेरजेत फरक शून्य आणि पिकरसाठी दोन्ही बिन चूक. १०० बिन मोजले, त्यातले ९५ तंतोतंत जुळले, तर अचूकता ९५ टक्के, असा बिनागणिक हिशेब ठेवा.

दुरुस्तीचा क्रम

कारण सापडल्यावर घाई होते ती इथे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी सेटिंग, लेबल किंवा मास्टर, जे काही मूळ असेल ते दुरुस्त करा. मग तात्पुरत्या लोकेशनमध्ये अडकलेला माल जागेवर लावा. मग ईआरपीकडचे आणि ईआरपीकडून आलेले अडकलेले संदेश निकाली काढा, जे लागू नाहीत ते कारण लिहून रद्द करा. हँडहेल्डवर ऑफलाइन पडून राहिलेले व्यवहार सिंक करून घ्या, ड्रॉवरमध्ये बंद पडलेल्या हँडहेल्डसकट. त्यानंतर बिन पुन्हा मोजा, आणि तेव्हा कुठे अ‍ॅडजस्टमेंट टाका, कारण-कोड आणि मंजुरीसह.

हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी अ‍ॅडजस्टमेंट टाकली आणि मग रांगेतले जुने व्यवहार सुटले, तर ते व्यवहार आधीच दुरुस्त झालेल्या शिल्लकेवर पुन्हा लागू होतात. पूर्वी −३० होतं तिथे आता +३० दिसतं. "परवाच तर जुळवलं होतं" अशी तक्रार घेऊन कोणी आलं आणि फरक आधीच्याच आकड्याचा, फक्त चिन्ह उलटं असेल, तर नव्यानं कारण शोधत बसू नका. अ‍ॅडजस्टमेंटच्या तारखेनंतर कोणते जुने व्यवहार पोस्ट झालेत तेवढंच बघा.